शुक्रनीतीतील लघुनालिक व आजचे पिस्तूल-शिक्षण : एक परीक्षण

गेल्या विजयादशमीस राहुरी येथे एका शस्त्रपूजेच्या प्रसंगी हजर राहण्याचा आम्हांस योग आला. पाटावर मांडलेल्या शस्त्रांत तलवारी व बंदुकी यांच्या जोडीस दोन पिस्तुले होती. त्यांवर गंधफूल वाहून झाल्यावर एका वक्त्यांनी असे प्रतिपादन केले की, ही पिस्तुले परदेशाची देणगी नव्हे. शुक्राचार्यांनी आपल्या नीतिग्रंथात ‘लघुनालिक’ या नावाने यांचेच वर्णन करून ठेविले आहे, आणि म्हणून पोलिसांचे व पहारेकऱ्यांचे आजचे पिस्तूल-शिक्षण हे मूळचे आमचेच शास्त्र होय. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. आमच्या शेजारी बसलेला एक गृहस्थ, जो तीसएक वर्षांपूर्वी आमच्या वर्गात संस्कृत शिकला व सध्या पोलीस खात्यात हवालदार आहे, हळूच म्हणाला, “गुरुजी, हे तुम्हीच आम्हांला वर्गात सांगितलं होतं. पण एक विचारू का? त्या पोथीत शस्त्र दिलंय, ते ठीक. ते चालवायला माणूस कसा तयार करायचा, तेही दिलंय का?”

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर आम्हांस त्या जागी देता आले नाही. घरी आल्यावर पोथ्या काढून बसलो, तेव्हा असे दिसून आले की, वक्त्यांचे विधान चुकीचे आहे, व ते आमचेही होते. पुष्कळ वर्षे आम्ही मुलांस ते पढविले. ज्या मुलांस पढविले त्यांपैकी काहींच्या कमरेस आज खरेच पिस्तूल आहे, आणि त्या पिस्तुलावर त्यांचा व इतरांचा जीव अवलंबून आहे. म्हणून या चुकीची दुरुस्ती जेथे पुराव्याची चाड असणारे वाचक आहेत अशा ठिकाणी प्रसिद्धपणे करणे, हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम शुक्रनीतीचा विचार करू. या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात नालिकाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक बृहत् व दुसरा लघु. लघुनालिकाची नळी पाच वितस्ती लांबीची असावी, तिच्या मुळाशी व टोकाशी नेम धरण्याकरिता तिळाएवढे बिंदू असावेत, कर्णाजवळ दारूची पूड धरण्याची सोय असावी, यंत्राच्या आघाताने अग्नी उत्पन्न व्हावा, आणि बुंधा चांगल्या लाकडाचा असावा, असे तेथील वर्णन आहे. अग्निचूर्णाकरिता सोरा पाच भाग व गंधक आणि कोळसा प्रत्येकी एक भाग असे प्रमाण दिले असून, कोळसा रुई, शेर इत्यादी झाडांचा घ्यावा असे म्हटले आहे. पुढे नळी साफ करणे, तीत चूर्ण घालणे, ते दांड्याने घट्ट ठासणे, मग गोळी घालणे, कर्णात चूर्ण ठेवणे व त्यास अग्नी देऊन गोळी लक्ष्यावर पाडणे, हा क्रमही सांगितला आहे.

वर्णन इतके स्पष्ट आहे की, ते वाचून कोणाही अभिमानी मनुष्याचे मन हरखून जावे. गुस्टाव ओपर्ट या जर्मन पंडिताने १८८० साली मद्रासेस प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याच आधारावर प्राचीन भारतात अग्न्यस्त्रे होती असा सिद्धांत मांडला, आणि तेव्हापासून तो व्याख्यानांतून व पाठ्यपुस्तकांतून फिरत आहे. तथापि ग्रंथाची परीक्षा करताना प्रथम पाहावयाचे असते ते हे की, ग्रंथ स्वतःविषयी न कळत काय सांगून जातो. ‘यंत्राघाताने अग्नी’ या एका विशेषणाकडे लक्ष द्यावे. तोड्याच्या बंदुकीत अग्नी आघाताने उत्पन्न होत नाही. जळता तोडा रंजकावर टेकविला जातो. आघाताने ठिणगी पाडणारी बंदूक म्हणजे चकमकीची बंदूक होय. ती फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी निघाली व युरोपातील सैन्यांत त्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. आमच्याकडे अठराव्या शतकातही तोड्याच्याच बंदुका बहुसंख्य होत्या. तेव्हा ज्या लेखणीने हे विशेषण लिहिले, तिच्या धन्याने चकमकीची बंदूक पाहिली होती, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी गोष्ट ‘कर्ण’ या शब्दाची. बंदुकीच्या बत्तीच्या छिद्रास लोकभाषेत कान म्हणण्याचा प्रघात होता. संस्कृतात या अर्थी कर्ण शब्दाची जुनी परंपरा आमच्या वाचनात नाही. येथे लोकभाषेतील शब्दाचेच संस्कृतीकरण झाले असावे, असे आमचे अनुमान आहे. ते अनुमान म्हणूनच घ्यावे. तिसरी गोष्ट अशी की, याच ग्रंथात बत्तीस विद्यांची गणना करताना ‘यावन मत’ ही एक विद्या म्हणून मोजिली आहे. असा ग्रंथ, निदान त्यातील अशी प्रकरणे, फार प्राचीन असू शकत नाहीत. लल्लनजी गोपाल यांनी १९६२ साली लंडनच्या एका संशोधनपत्रिकेत संपूर्ण शुक्रनीतीच एकोणिसाव्या शतकातील ठरविली. संपूर्ण ग्रंथाविषयी इतक्या टोकास जावे की नाही याबद्दल मतभेद संभवतो. परंतु नालिक-प्रकरण चकमकीच्या बंदुकीनंतरचे आहे, एवढे तरी अंतर्गत पुराव्यावरूनच सिद्ध आहे.

आता यात लाजिरवाणे असे काहीच नाही. आमच्या या नगर जिल्ह्यातच १५४९ साली मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्क कारागिराने निजामशाहीकरिता जी प्रचंड तोफ ओतली, ती ‘मलिक-ए-मैदान’ या नावाने आज विजापुरास उभी आहे. तिच्या अंगावर लेख आहे. तिचा काल व कर्ता यांविषयी वाद घालावा लागत नाही. परकी कारागिराचे नाव वाचून आजवर कोणी ती तोफ कमी दर्जाची मानिली नाही. मग पिस्तुलाचाच जन्मदाखला बदलण्याचा खटाटोप कशासाठी? शिवाय साधी विसंगतीही वक्त्यांच्या ध्यानी आली नाही. पाच वितस्ती म्हणजे सुमारे पावणेचार फूट. इतक्या लांबीच्या नळीचे शस्त्र म्हणजे खांद्याची बंदूक होय. तिला कमरेचे पिस्तूल म्हणणे म्हणजे भाल्यास सुरी म्हणण्यासारखे आहे.

परंतु हवालदाराचा प्रश्न याहून खोल आहे. पोथी अस्सल असो की अर्वाचीन, तीत माणूस तयार करण्याची रीत आहे काय? शुक्रनीतीत शंभर शिपायांच्या नायकाने सायंप्रातः व्यूहांचा अभ्यास करवावा असे एके ठिकाणी सांगितले आहे; पण नालिक-प्रकरणात नळी, बुंधा, चूर्ण, गोळी हे सर्व असून, ती नळी धरणारा मनुष्य मात्र नाही. तो कसा उभा राहावा, श्वास कसा आवरावा, पहिला बार चुकल्यास काय करावे, याबद्दल एक अक्षर नाही.

आणि हा दोष एकट्या शुक्रनीतीचा नाही. आमच्या दप्तरांचीही बहुधा हीच गोष्ट आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. त्यात शस्त्रांची नावे आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ल्यावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूसामान ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यास ऊन द्यावे, असा बारीक विचार केला आहे. किल्ल्यांच्या जाबत्यांत तोफा, जंबुरे, बंदुका, शिसे, सोरा यांची मोजदाद सापडते. पण अमक्या शिपायाने अमक्या महिन्यात इतके बार सरावाकरिता उडविले, अशी नोंद आम्हांस तरी क्वचितच आढळली. शस्त्र मोजता येते, म्हणून ते कागदावर येते; अभ्यास हातात राहतो व हाताबरोबर जातो. पानिपतावर १७६१ साली इब्राहीमखान गारद्याची पलटणे, पुढे महादजी शिंद्यांकरिता द बोयनने उभारलेले कंपू, यांनी कवायतीचे महत्त्व मराठ्यांस दाखवून दिले. कवायत हा शब्दच ‘कायदा’ या अरबी शब्दाचे अनेकवचन होय. नियमांची मालिका असा त्याचा मूळ अर्थ. शस्त्र विकत घेता येते, नियमांची मालिका अंगी मुरवावी लागते, हा भेद त्या काळच्या मुत्सद्द्यांस प्रत्यक्ष भोगून कळला.

तर मग संस्कृत वाङ्मयात माणूस तयार करण्याची रीत कोठेच नाही काय? आहे, पण जेथे बंदुकीचे नावही नाही, तेथे ती आहे. शार्ङ्गधराने १३६३ साली संकलित केलेल्या पद्धतीत धनुर्वेदाचे एक प्रकरण आहे. पीटर पीटरसन यांनी हा ग्रंथ १८८८ साली मुंबई संस्कृत मालेत छापविला, व तो पुष्कळ संग्राहकांच्या कपाटात असेल. सुभाषितांच्या लोभाने आपण तो उघडतो आणि धनुर्वेदाची पाने न फाडताच मिटवितो. निदान आमची गत तशी होती. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेतही हाच विषय बव्हंशी त्याच शब्दांत आला आहे. त्यातील चार गोष्टी येथे आमच्या शब्दांत देतो.

पहिली, लक्ष्याचे चार प्रकार. स्थिर, चल, चलाचल व द्वयचल. धनुर्धर व लक्ष्य दोन्ही स्थिर, हा पहिला. धनुर्धर उभा व लक्ष्य हलते, हा दुसरा. लक्ष्य स्थिर व धनुर्धर चालता, हा तिसरा. दोन्ही चालती, हा चौथा. हे याच क्रमाने साधावयाचे असतात. दुसरी, हातांचा क्रम. आधी डाव्या हाताने श्रम करावा, तो सिद्ध झाल्यावर उजव्याने, मग दोहोंनी. तिसरी, संख्या. सूर्योदयी व सूर्यास्ती चारशे बाण सोडणारा तो उत्तम, तीनशेचा मध्यम, दोनशेचा कनिष्ठ. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची, अशी की, विद्या सिद्ध झाल्यावरही पावसाळ्यात धनुष्य हाती न धरता, पूर्वीचा अभ्यास विसरू नये एवढ्याचसाठी दरवर्षी शरदृतूत दोन महिने पुनः श्रम करावा. आणि आश्विनातील नवमीस देवी, गुरू, शस्त्रे व घोडे यांचे पूजन करावे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. शस्त्रपूजेचा दिवस व वार्षिक उजळणीचा हंगाम या दोन गोष्टी या ग्रंथात एकमेकींस लागून येतात. आम्ही पूजा ठेविली व श्रम सोडला.

आता आजच्या पिस्तूल-शिक्षणाकडे वळू. या विषयात आम्ही अडाणी होतो. उपर्युक्त हवालदार व त्याचे एक निवृत्त शिक्षक, जे पोलिसांच्या चांदमारीचे काम अनेक वर्षे पाहत असत, यांच्याजवळ बसून जे कळले ते लिहितो. पिस्तूल हे सर्व बंदुकींत चालविण्यास कठीण. याचे कारण भूमितीत आहे. आमच्या पोलिसांत प्रचलित असलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल ईशापूरच्या कारखान्यात होते. त्याची मागची खाच व पुढची माशी यांतील अंतर सुमारे सोळा सेंटिमीटर असते. या दोहोंची जुळणी एक मिलिमीटरने चुकली, तर पंचवीस मीटरांवर गोळी सुमारे सोळा सेंटिमीटर बाजूस जाते. ज्या रायफलीत हेच अंतर साठ सेंटिमीटर आहे, तिची तेवढीच चूक तेथे चार सेंटिमीटरांच्या आसपास राहते. शिवाय रायफलीस खांद्याचा आधार असतो, पिस्तुलास मनगटाचाच. त्याचे वजन एक किलोग्रॅमच्या आतबाहेर, आणि चाप ओढण्यास लागणारे बळ पुष्कळदा त्या वजनाहून अधिक. म्हणजे बोट चापावर जोर करू लागले की सबंध शस्त्रच हलू पाहते. गोळी कोठे जावयाची याचा निकाल बार होण्यापूर्वीच बोटात लागलेला असतो.

म्हणून शिक्षणाचा क्रम असा ठरला आहे. पहिला पाठ सुरक्षिततेचा. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजावे. ज्यावर गोळी झाडावयाची नाही, त्याकडे नळी वळवू नये. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. लक्ष्य व त्यामागे काय आहे ते ओळखावे. दुसरा पाठ पकड व उभे राहणे. तिसरा, काडतुसाविना रिकाम्या शस्त्रावर चाप ओढण्याचा अभ्यास. तो शेकडो वेळा करावयाचा, म्हणजे आवाजाच्या धास्तीने हात दचकण्याची खोड मोडते. चौथा, प्रत्यक्ष बार, तोही प्रथम जवळून व सावकाश. त्यानंतर म्यानातून काढणे, काडतुसांची पेटी बदलणे, शस्त्र अडकल्यास मोकळे करणे, एका हाताने व डाव्या हाताने झाडणे, अंधुक उजेडात झाडणे, हलत्या पुठ्ठ्यावर झाडणे, स्वतः चालत झाडणे. आणि सर्वांत शेवटी, न झाडण्याचा अभ्यास, म्हणजे समोरच्या चित्रांतील कोण हत्यारबंद व कोण मूल कडेवर घेतलेली बाई, हे डोळ्याचे पाते लवते न लवते तो ओळखून हात आवरणे.

हे ऐकताना आम्हांस शार्ङ्गधराचे स्थिर, चल, चलाचल व द्वयचल आठवल्यावाचून राहिले नाहीत. ते त्या निवृत्त शिक्षकांस सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “मास्तर, आमची बहुतेक मंडळी पहिल्यातच निवृत्त होतात. पुठ्ठा स्थिर, आपण स्थिर, ऊन चांगलं, आणि पुढे चहा.” या एका वाक्यात या विषयाची सारी टीका आली आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. साम्य दिसले की वंशावळ जोडण्याची आम्हां संस्कृतज्ञांस खोड आहे. अग्निपुराणातील धनुर्वेदात समपाद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ इत्यादी उभे राहण्याचे प्रकार आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातील वीव्हर नामक एका पोलीस अधिकाऱ्याने १९५० नंतरच्या दशकात दोन्ही हातांनी पिस्तूल धरून एक पाय मागे ठेवण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात कोणास आलीढाची छाया दिसेल. पण वीव्हरने अग्निपुराण वाचले नव्हते. मनुष्याच्या शरीरास दोन पाय, दोन हात व एक कंबर आहे; धक्का सोसावयाचा तर ते शरीर सर्व देशांत थोड्याफार एकाच रीतीने उभे राहील. साम्य हा वंशाचा पुरावा नव्हे. मात्र दोन अनुभवी शिक्षक परस्परांस न ओळखता एकाच निष्कर्षास आले, तर तो निष्कर्ष खरा असण्याचा संभव वाढतो, आणि शार्ङ्गधराचा खरा उपयोग हा आहे.

असाच तिसरा साक्षीदार शांघायचा. तेथील नगर-पोलिसांत विल्यम फेअरबेर्न हा अधिकारी होता. त्या दलात आमच्याकडील शीख शिपायांचीही एक शाखा होती. त्याने व त्याचा सहकारी साइक्स याने १९४२ साली पिस्तूल-शिक्षणावर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. साडेबारा वर्षांतील ६६६ सशस्त्र चकमकींच्या अनुभवावरून त्यांनी असे दाखविले की, अशा चकमकी बहुधा अगदी जवळून, अपुऱ्या उजेडात, अकस्मात व क्षणार्धात होतात. म्हणून उजेडात निवांत उभे राहून वर्तुळे भेदण्यात पटाईत झालेला शिपाई तेवढ्याने तयार झाला असे समजू नये. वर्तुळे भेदणे हे स्थिरलक्ष्य होय. रस्ता हा द्वयचल आहे.

पण आधुनिक शिक्षकांचे वाङ्मयही डोळे मिटून घेऊ नये. त्यातही शुक्रनीतीसारख्या दंतकथा आहेत. कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे एप्रिल १९७० मध्ये महामार्ग पोलिसांचे चार अधिकारी एकाच चकमकीत मारले गेले. त्यानंतर शिक्षणात पुष्कळ सुधारणा झाल्या, हे खरे. परंतु त्याबरोबर अशीही कथा पसरली की, त्यांपैकी एकाच्या खिशात रिकामी टरफले सापडली. मैदानावर टरफले गोळा करून खिशात घालण्याची सवय त्यास मरणाच्या क्षणीही सुटली नाही. कथा बोधप्रद आहे, म्हणून शिक्षकांच्या तोंडून व पुस्तकांतून ती वर्षानुवर्षे फिरली. पुढे मूळ चौकशीचे कागद तपासणाऱ्यांनी दाखविले की, टरफले जमिनीवरच पडलेली होती. बोध योग्य असला म्हणजे दाखला खरा ठरत नाही, हा नियम पोथीस लागू तसाच पोलीस-दप्तरासही लागू आहे.

आता आमच्या प्रांताची स्थिती. मुंबई इलाख्याचे पोलीस-विद्यालय १९०६ साली पुण्यास भांबुर्ड्यात निघाले व १९०९ साली नाशकास गेले. त्याच १९०९ सालच्या २१ डिसेंबरास नाशकातच जॅक्सनचा वध ब्राउनिंग पिस्तुलाने झाला, हे इतिहासाच्या अभ्यासकांस विदितच आहे. म्हणजे पिस्तुलाचा व महाराष्ट्रातील पोलीस-शिक्षणाचा संबंध शंभराहून अधिक वर्षांचा आहे. एवढ्या परंपरेनंतर २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. गिरगाव चौपाटीच्या नाकेबंदीत तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती. त्यांनी कसाबची बंदूक आपल्या देहावर झेलून ती सोडली नाही. त्याच नाक्यावर दुसरा हल्लेखोर पोलीस अधिकाऱ्यांनी झाडलेल्या गोळ्यांनी मेला. रात्रीची वेळ, काही पावलांचे अंतर, गाडीत बसलेला शत्रू व आजूबाजूस स्वतःचीच माणसे. या प्रसंगास कोणत्याही मैदानावरील पुठ्ठा पुरा पडणार नाही. पुढे सरकारने नेमलेल्या राम प्रधान व वप्पाला बालचंद्रन यांच्या समितीने २००९ साली जो अहवाल दिला, त्यात सरावाकरिता काडतुसांचा तुटवडा हा एक दोष दाखविला आहे. आमच्या मते मुख्य उणीव शौर्याची नव्हती. उणीव होती ती श्रमाची, व श्रमास लागणाऱ्या सामग्रीची. आणि हे अशा प्रांतात घडले, जेथे खडकीस १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे.

खासगी पहारेकऱ्यांची गोष्ट याहून विचारणीय आहे. २००५ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारने २००६ साली जे आदर्श नियम केले, त्यांत पहारेकऱ्यास निदान वीस दिवसांत मिळून शंभर तास वर्गातील व साठ तास मैदानावरील शिक्षण सांगितले होते. गणवेश, अग्निशमन, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी हे विषय त्यात होते. शस्त्र हाताळण्याचा विषयही होता, पण त्यापुढे ‘ऐच्छिक’ असे लिहिले होते. ज्यास शस्त्र द्यावयाचेच नाही, त्याच्यापुरते हे ठीक. परंतु ज्याच्या हाती शस्त्र देऊन पेढीच्या दाराशी उभे करावयाचे, त्याच्या बाबतीत तरी असा शब्द नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हवाना येथे जी मूलतत्त्वे संमत केली, त्यांत शस्त्र बाळगण्याचा अधिकार विशेष शिक्षण पुरे केल्यावरच द्यावा, असे पोलिसादी अधिकाऱ्यांविषयी म्हटले आहे. जे सरकारी शिपायास लागू, ते पगारी पहारेकऱ्यास लागू नसावे याचे कारण आम्हांस दिसत नाही. न शिकलेल्या हातातील पिस्तूल चोरास भिववीत नाही, रस्त्याने जाणाऱ्यास मात्र मारू शकते.

यावर कोणी म्हणेल की, इतिहास-संशोधकांच्या त्रैमासिकात काडतुसांचा हिशेब कशास? आमचे उत्तर असे की, खोटा इतिहास हा निरुपद्रवी नसतो. पिस्तूल-विद्या आमच्या रक्तातच आहे असे एकदा ठरले, की ती शिकण्याची गरज कमी वाटू लागते. पूजा केली, टाळ्या वाजविल्या, काम झाले. शार्ङ्गधराने असा भ्रम बाळगला नाही. त्याने आकडा दिला, चारशे, तीनशे, दोनशे. विद्या विसरते, हे त्याने मान्य केले, व न विसरण्याचा उपाय म्हणून दोन महिने लावून दिले. परंपरेचा अभिमान बाळगावयाचाच असेल, तर तो या आकड्यांचा बाळगावा.

आता संग्राहक बंधूंस एक विनंती. मोडी रुमाल चाळताना तोफाबंदुकांच्या याद्या आपण टिपून घेतो. त्यांबरोबर सरावाकरिता दिलेली दारू, शिसे, निशाण मारणाऱ्यास दिलेले बक्षीस, चुकलेल्या बाराबद्दलचा दंड, अशा किरकोळ बाबीही टिपून प्रसिद्ध कराव्यात. त्यांत माणूस सापडतो. तसेच पोलीस मुख्यालयांतील चांदमारीच्या जुन्या वह्या, ज्यांत कोणत्या साली कोणी किती गोळ्या झाडल्या व किती लागल्या हे लिहिलेले असते, मुदत संपताच रद्दीत जातात. आमच्या हवालदार शिष्याने अशा वह्यांचा ढीग गाडीत भरला जाताना स्वतः पाहिला आहे. शंभर वर्षांनी कोणी विचारील की, त्या रात्री मुंबईस उभ्या असलेल्या शिपायांस सराव किती होता. तेव्हा उत्तर देणारा कागद या वह्यांखेरीज दुसरा नसेल. ज्यांचा त्या खात्याशी परिचय असेल, त्यांनी गुप्ततेस बाध न येईल अशा जुन्या वह्या सरकारी पुराभिलेखात जाव्यात म्हणून खटपट करावी.

राहुरीहून अनुकूल वारा असताना खारे कर्जुन्याच्या लष्करी मैदानावरील तोफांचा घुमणारा आवाज कधीकधी मुळेकाठी ऐकू येतो. पूर्वी तो ऐकून आम्ही मुलांस शुक्राचार्यांची गोष्ट सांगत असू. आता कोणी विचारल्यास आम्ही एवढेच सांगतो की, कोणीतरी सराव करीत आहे. हवालदारास आम्ही पत्राने उत्तर कळविले आहे : तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या पोथीत नाही, दुसरीत आहे, आणि वर्गात सांगितले ते चुकले होते. त्याचे उलट उत्तर आले, त्यात एकच विचारणा होती. शार्ङ्गधराचे ते लक्ष्यांचे प्रकरण मराठीत उतरून देता येईल काय, म्हणजे नव्या मुलांस वाचून दाखविता येईल. ते काम आम्ही हाती घेतले आहे. इत्यलम्.